तारागोना: वरून खाली उतरत बघायचं शहर

स्पेनमध्ये बार्सिलोनाला जाणाऱ्या पुणेकरांच्या कार्यक्रमात जवळचं तारागोना असतंच असं नाही. असलं तर ‘अर्धा दिवस’ म्हणून असतं. सकाळच्या गाडीने जायचं, समुद्राकाठचं अँफिथिएटर, म्हणजे रोमनांचं खेळांचं लंबगोल मैदान, बघायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत. असं केलं तर शहर चुकतं. अँफिथिएटर दिसतं, पण त्याच्या वर डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांनी बसवलेलं अख्खं रोमन शहर डोक्यावरून निघून जातं. दोन रात्री द्या. तेवढी सवड नसेल तर एक रात्र तरी द्याच, आणि पहिल्या सकाळी आधी चढून वर जा, मग दिवसभर उतरत या.

आधी स्टेशनचा घोळ

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. तारागोनाच्या नावाची दोन स्टेशनं आहेत. ‘तारागोना’ हे शहरातलं, अगदी समुद्राला लागून. ‘काम्प दे तारागोना’ हे वेगवान गाड्यांचं, गावापासून दहा-बारा किलोमीटर आत, शेतात. बार्सिलोनाच्या सांत्स स्टेशनवरून वेगवान गाडी अर्ध्या-पाऊण तासात पोचवते हे ऐकून लोक महागाचं तिकीट काढतात आणि मग बस किंवा टॅक्सी शोधत बसतात. वाचवलेला वेळ तिथेच जातो. साध्या प्रादेशिक गाडीला सव्वा तासाच्या आसपास लागतो, पण ती थेट गावात सोडते. तिला जागेचं आरक्षण नसतं, तिकीट यंत्रावर आयत्या वेळी मिळतं. जाताना डाव्या हाताची खिडकी धरा, सित्जेसच्या बाजूने रूळ समुद्राला चिकटून जातात.

दुसरी चूक म्हणजे ‘त्याच दिशेला चालली आहे’ म्हणून मिळेल त्या लोकलमध्ये चढणं. त्यातल्या बऱ्याच गाड्या विलानोवा किंवा सांत विसेन्स दे काल्देर्सला संपतात, म्हणजे तारागोनाच्या अलीकडेच. फलकावर शेवटचं स्टेशन वाचा. या मार्गावर अधूनमधून रुळांची मोठी कामं निघतात आणि मधल्या टप्प्यात बस लावतात. म्हणून आदल्या दिवशी वेळापत्रक पुन्हा बघून ठेवा.

स्टेशन समुद्रसपाटीला आणि गाव कड्यावर, त्यामुळे स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या चढ आणि जिने. पाठीवर पिशवी असेल तर दहा मिनिटांत वर. तेवीस किलोची चाकांची बॅग असेल तर मुकाट टॅक्सी करा.

पुण्यातून निघताना

पुण्याहून स्पेनला थेट विमान नाही. मुंबईहून आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून बार्सिलोना, हा सगळ्यात सरळ रस्ता. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. महाराष्ट्र स्पेनच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीसाठी मात्र पंधरा दिवसांवर विसंबू नका, कारण अडतं ते भेटीची वेळ मिळण्यात. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे विमान कुठे उतरतं त्यावर ठरत नाही. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री काढणार, त्याच्याकडे करायचा. पॅरिसला चार रात्री आणि स्पेनला तीन असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडे जातो. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाऊल टाकाल त्या देशाकडे. दरवर्षी कुणाचा तरी अर्ज या हिशोबात गडबडतो.

शहराची बांधणी आधी डोक्यात बसवा

इ.स.पू. २१८ मध्ये, रोमचा शत्रू हॅनिबल आल्प्स ओलांडत होता त्या सुमारास, रोमन सेनापती ग्नायस स्किपिओने इथे रोमन सैन्याचा तळ टाकला आणि त्याचा भाऊ पब्लियस मागाहून येऊन मिळाला. तळाचं गाव झालं, गावाची प्रांताची राजधानी झाली. नाव तार्राको. इ.स.पू. २६-२५ च्या सुमारास खुद्द सम्राट ऑगस्टस इथे मुक्कामाला होता आणि काही काळ रोमन साम्राज्याचा कारभार या टेकडीवरून चालला. ऑगस्टसच्या वेदीवर ताडाचं रोप उगवलं तेव्हा गावकऱ्यांनी हा मोठा शुभशकुन म्हणून त्याला कळवलं. तो म्हणाला, ‘यावरून कळतं तुम्ही तिथे अग्नी किती वेळा पेटवता ते.’ एका रोमन लेखकाने टिपून ठेवलेला हा टोमणा सदाशिव पेठेत सहज खपून गेला असता.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात डोंगराचा वरचा भाग तासून तीन सपाट्या केल्या. सगळ्यात वर मंदिराचं आवार. त्याखाली प्रांताच्या कारभाराचा प्रचंड चौक, सुमारे ३२० बाय १७५ मीटर. त्याखाली रथशर्यतींचं सर्कस. सर्कसच्या खाली लोकवस्ती, आणि तटाबाहेर समुद्राच्या उतारावर अँफिथिएटर. म्हणजे देव, सरकार, करमणूक आणि मग माणसं, अशी वरून खाली उतरंड. आजचं जुनं गाव, ‘पार्त आल्ता’, याच तीन सपाट्यांवर बसलेलं आहे. हे एकदा लक्षात आलं की गल्लीत मध्येच का उतार लागतो, चौक लांबट का आहे, अमक्या घराची मागची भिंत एवढी जाड का, सगळं आपोआप उलगडतं.

म्हणून पहिला थांबा प्लासा देल पाल्योल. तिथल्या कमानीखालच्या दालनात रोमन तार्राकोची मोठी प्रतिकृती आहे. वीस मिनिटं तिच्याभोवती फिरा, तिन्ही सपाट्या ओळखा, मग बाहेर पडा. लोक ती शेवटी बघतात आणि म्हणतात, ‘अरेच्चा, ते असं होतं होय!’

तिकिटांचं थोडक्यात: तट, प्रेतोरी-सर्कस (मनोरा आणि शर्यतींचं मैदान), अँफिथिएटर, खालचा फोरम (खालच्या वस्तीचा रोमन चौक) ही स्थळं शहराच्या इतिहास संग्रहालयाकडे आहेत आणि त्यांचं एकत्रित तिकीट मिळतं. तीनपेक्षा जास्त ठिकाणी जाणार असाल तर तेच घ्या. कथेड्रलचं तिकीट वेगळं. सोमवारी ही स्थळं बंद असतात, रविवारी दुपारी लवकर आवरतात. रविवारी रात्री पोचून सोमवारी शहर बघायचा बेत केलात तर बंद दारंच बघाल.

तट

पाल्योलपासून दोन पावलांवर तटाच्या कडेची पायवाट, पासेच आर्केओलोजिक. मूळ तट सुमारे साडेतीन किलोमीटरचा, त्यातला साधारण १,१०० मीटर उभा आहे. पायाशी न घडवलेले महाकाय दगड, वर नीट घडवलेले चिरे. पायाच्या दगडांमुळे हा तट रोमनांच्या कितीतरी आधीचा, कुण्या प्राचीन लोकांचा, असं पूर्वी मानत. तसं नाही. पाया आणि वरचं बांधकाम दोन्ही रोमनच, इ.स.पू. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतलं.

वरच्या चिऱ्यांवर सकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा जवळ जाऊन बघा. काही चिऱ्यांवर खोदलेल्या खुणा दिसतात. ती लॅटिन नाहीत, इबेरियन लिपीतली अक्षरं आहेत. राज्य रोमनांचं, पण टाकी चालवणारे हात इथल्याच माणसांचे होते याचा एवढा साधा पुरावा दुसरीकडे क्वचित मिळतो. टॉर्चचा उजेड बाजूने टाकला तर खूण जास्त ठसठशीत दिसते. बोटाने मात्र चोळू नका, दगड मऊ आहे.

तटाला अधूनमधून बुटकी चोरदारं आहेत. वाकूनच आत जावं लागतं आणि आत शिरलं की भिंतीची जाडी कळते. बाहेरच्या बाजूची बुरुजवजा भिंत मात्र रोमन नाही. ती अठराव्या शतकात, स्पेनच्या वारसायुद्धात इंग्रजांनी बांधली. मार्गदर्शक नसेल तर लोक तिलाही रोमन समजून फोटो काढतात.

कथेड्रल, आणि मांजराची अंत्ययात्रा

सगळ्यात वरच्या सपाटीवर, मंदिराच्या जागी, कथेड्रल. बाराव्या शतकात सुरू झालं, १३३१ मध्ये अर्पण केलं, आणि दर्शनी भागाचं टोक आजही अपुरंच आहे. आतली वेदी बघाच, पण जास्त वेळ ओवऱ्यांच्या चौकात घालवा. तिथल्या खांबांच्या माथ्यांवर बारीक कोरीवकाम आहे. त्यात एक उंदरांची मिरवणूक शोधा. उंदीर मेलेल्या मांजराला तिरडीवर घालून चालले आहेत, आणि लगेच पुढच्या तुकड्यात मांजर उठून बसलंय आणि उंदरांची पळापळ. कोरीवकाम तळहाताएवढं, तेही डोळ्यांच्या वर, म्हणून सापडत नाही. तिकीट खिडकीवर ‘उंदरांचं कोरीवकाम कुठे’ असं विचारलं तर बाजू सांगतात.

कथेड्रलसमोरच्या पायऱ्या उतरून कारेर माजोरने खाली आलं की आपण मधल्या सपाटीवर, म्हणजे रोमन कारभाराच्या चौकात असतो. पण चौक असा दिसत नाही, त्यावर मध्ययुगीन गल्ल्या आहेत. प्लासा देल फोरूममध्ये त्याची एक उंच भिंत उरली आहे आणि तिच्या सावलीत लोक कॉफी पितात.

प्रेतोरी आणि सर्कस

आता खरी गंमत. प्लासा देल रेईमधला प्रेतोरीचा मनोरा म्हणजे मुळात जिना. मधल्या सपाटीवरून खालच्या सर्कसकडे उतरायचा रोमन जिना मनोऱ्यात बसवलेला होता. पुढे तोच राजवाडा झाला, तुरुंगही झाला. आधी गच्चीवर जा. तिथून सर्कसची गोल बाजू, अँफिथिएटर आणि समुद्र एका ओळीत दिसतात. मग खाली उतरत जा. आतूनच भुयारी वाटेने तुम्ही सर्कसमध्ये निघता. उलट दिशेने, सर्कसकडून शिरलात तर हेच चढावं लागतं आणि काय कशासाठी होतं ते कळत नाही.

मधल्या मजल्यावर संगमरवरी शवपेटी आहे, ग्रीक पुराणातल्या हिप्पोलितस आणि फेद्राच्या कथेतले प्रसंग कोरलेली. १९४८ मध्ये ती समुद्रात सापडली.

सर्कस पहिल्या शतकाच्या अखेरचं, सम्राट दोमितियनच्या काळातलं. लांबी सुमारे ३२५ मीटर, प्रेक्षक अंदाजे ३०,०००. रोमन शहरांत सर्कस सहसा तटाबाहेर असायचं, इथे ते तटाच्या आत, थेट गावाच्या मध्यावर आहे. उघडं दिसतं ते फक्त पूर्वेचं टोक. बाकीचं गेलं कुठे? गेलं नाही, घरांखाली आहे. बसण्याच्या पायऱ्या ज्या चुनेगच्ची कमानींवर तोललेल्या होत्या, त्या कमानींना नंतरच्या लोकांनी पुढून भिंत घातली आणि गाळे केले. लक्ष्मी रोडवर दुकानाच्या मागे शिरलं की वाड्याचा चौक लागतो, तसंच. प्लासा दे ला फोंत या लांबट चौकात बसलात तर तुम्ही शर्यतीच्या धावपट्टीवर बसलेले असता. रथ सुटायचे ते टोक महापालिकेच्या बाजूला. चौकाच्या कडेच्या आणि त्रिंकेत वेल गल्लीतल्या काही खानावळींच्या आतल्या खोलीत रोमन कमानी उघड्या ठेवल्या आहेत. ‘आतली भिंत बघू का’ म्हणून विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत. निदान एक कॉफी घ्या म्हणजे झालं.

अँफिथिएटर

आता कुठे अँफिथिएटर. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं, मैदान साधारण ६२ बाय ३८ मीटर, प्रेक्षक १४,००० च्या आसपास. डोंगराकडच्या पायऱ्या थेट कातळात खोदलेल्या आहेत, समुद्राकडच्या बाजूला कातळच नाही म्हणून तिथे कमानी रचून पायऱ्या उचलल्या. म्हणूनच कातळाची बाजू टिकली आणि कमानींची पडली. पडलेल्याचे चिरे लोकांनी दुसरीकडे वापरले.

मैदानात मधोमध भिंतींचा गुंता दिसतो तो खेळाचा भाग नाही. २१ जानेवारी २५९ रोजी बिशप फ्रुक्तुओसुस आणि त्याचे दोन सहायक, आउगुरियुस आणि युलोगियुस, यांना इथे जिवंत जाळलं. त्या जागी सहाव्या शतकात व्हिसिगॉथांनी, म्हणजे रोमनांनंतर इथे राज्य केलेल्या लोकांनी, चर्च बांधलं, त्यावर बाराव्या शतकात दुसरं. पुढे बंदराच्या कामावरच्या कैद्यांचा तुरुंगही इथेच होता. एकमेकांवर चढलेल्या या भिंतींतून मैदानातले खंदक शोधा. प्राणी आणि सामान वर आणायची यंत्रणा त्यांत असायची.

दुरुस्तीमुळे काही भाग बंद असला तरी हिरमुसू नका. वरच्या बागेच्या कठड्यावरून सगळी आखणी खालच्यापेक्षा चांगली दिसते. संध्याकाळी या, दुपारी नाही. सावली शून्य आहे.

तिथून राम्ब्ला नोवाच्या टोकाला, समुद्रावर झुकलेल्या सज्जावर जा, ‘बाल्को देल मेदितेरानी’. गावकरी फेरी मारून इथवर येतात आणि लोखंडी कठड्याला हात लावून परत फिरतात. ‘लोखंडाला शिवणं’ शुभ मानतात.

पुलाचा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी जलवाहिनीचा पूल, गावाच्या उत्तरेला चारेक किलोमीटरवर. कागदोपत्री लेस फेरेरेस, लोकांच्या तोंडी ‘पोंत देल दियाब्ले’, सैतानाचा पूल. वरच्या रांगेत २५ कमानी, खालच्या रांगेत ११, उंची २७ मीटर. कमानींचा गाळा २० रोमन फुटांचा, रोमन फूट २९.६ सेंटीमीटर म्हणजे जेमतेम सहा मीटर. चिऱ्यांत चुना नाही, नुसते एकावर एक ठेवलेत.

पुणेकराला याचं तत्त्व समजावून सांगायला नको. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्याला आणि पेठांतल्या हौदांना आलं ते याच हिशोबाने: पंप नाही, फक्त उतार. कात्रजचा नळ जमिनीखालून जातो, वर दिसतात ते फक्त उच्छ्वास, म्हणजे हवा सुटायचे बांधीव मनोरे. रोमनांचाही बहुतेक मार्ग जमिनीला धरूनच असे. लोकांना वाटतं की जलवाहिनी म्हणजे कमानीच कमानी. कमानी फक्त दरी आडवी आली की लागतात, कारण पाणी दरीत उतरवलं तर गावापाशी पुरेशी उंची उरत नाही. फ्रान्कोली नदीचं पाणी इथे दरी ओलांडतं, म्हणून पूल.

सांत साल्वादोरच्या दिशेची शहर बस घ्या आणि चालकाला ‘पोंत देल दियाब्ले’ एवढंच सांगा. थांब्यावरून पाइनच्या झाडीतून पंधरा मिनिटांची कच्ची वाट आहे. प्रवेश फुकट, दार-खिडकी काही नाही, त्यामुळे पाणी आणि खाणं सोबत न्या. पुलाच्या माथ्यावरच्या पाटातून, जिथून पाणी वाहायचं तिथूनच, चालत पलीकडे जाता येतं. पाट अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. जोराचा वारा असेल तर लहान मुलांना वर नेऊ नका.

खाली उतरून खांबाचा दगड जवळून पाहा. पिवळसर, खरबरीत, आणि त्यात शिंपल्यांचे तुकडे. समुद्रतळाचा दगड आहे तो. तारागोनाचा सोनेरी रंग याच दगडाचा. त्याची खाण, एल मेदोल, गावाबाहेर आहे. खणताना मध्ये सोडलेला सोळा मीटर उंचीचा सुळका अजून उभा आहे. मूळ जमीन कुठवर होती हे त्याच्या टोकावरून कळतं.

पोटाचं

पुण्याच्या एक ते चारला नावं ठेवणाऱ्यांनी इथे जपून बोलावं. दुकानं साधारण दीड-दोनला बंद होतात ती पाच वाजता उघडतात. जेवण दुपारी दीड ते साडेतीन, रात्री साडेआठनंतर. सहा वाजता जेवायला बसलात तर चिप्स मिळतील.

शाकाहारींसाठी एक सापळा. रोमेस्को ही इथली प्रसिद्ध चटणी. सुकवलेली न्योरा मिरची, भाजलेला टोमॅटो आणि लसूण, बदाम, हेझलनट, पावाचा तुकडा, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर. चव आपल्या जिभेला लगेच पटते. पण ‘रोमेस्को दे पेश’ हे मासळीचं कालवण आहे, आणि एल सेर्राल्यो या कोळीवाड्यात नुसतं रोमेस्को मागितलं तर तेच समोर येऊ शकतं. एस्कालिवादा, म्हणजे भाजलेली वांगी-मिरची, चांगली, पण वर अँकोव्ही मासा ठेवायची पद्धत आहे, ‘सिन आंचोआस’ म्हणा. पा आंब तोमाकेत, टोमॅटो चोळलेला पाव, निर्धोक. जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर काल्सोट, निखाऱ्यावर काळा करून आतला कोवळा भाग खायचा पातीचा कांदा. हाताने सोलून, मान वर करून खातात. पांढरा शर्ट घालू नका.

कधी

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. मे महिन्यात तार्राको व्हिवा हा रोमन इतिहासाचा महोत्सव भरतो. २३ सप्टेंबर सांता तेक्ला, गावदेवीचा दिवस म्हणा ना. त्या दिवसांत मानवी मनोरे उभे राहतात, ‘कास्तेल्स’. दहीहंडी बघितलेल्याला वाटतं हे आपल्याला माहीत आहे. मोठा फरक हंडीत आहे, इथे ती नाही. सर्वात वरचं पोर हात उंचावतं तेव्हा मनोरा ‘चढला’ एवढंच. सगळे थर नीट खाली उतरल्यावरच तो ‘उतरवला’ म्हणून पूर्ण गुण. ‘तीन बाय नऊ’सारखं नाव ऐकलं तर अर्थ असा: थराला तीन माणसं, एकूण नऊ थर. बघायला प्लासा दे ला फोंतमध्ये दोन तास आधी जागा धरा, आणि पायथ्याच्या गर्दीत उभे असाल तर फोन खिशात ठेवा. तिथे प्रत्येकजण आधार देणारा असतो, प्रेक्षक नसतो.

तिसरा दिवस हाताशी असेल तर गाडी भाड्याने घेऊन जुन्या किनारी रस्त्याने ईशान्येला निघा. सहा किलोमीटरवर ‘स्किपिओंचा मनोरा’ लागतो. नाव चुकीचं आहे, दर्शनी भागावरच्या दोन आकृतींना लोक स्किपिओ बंधू समजले, त्या आत्तिस देवतेच्या आहेत आणि मनोरा कुणा श्रीमंताचं थडगं. अजून चौदाएक किलोमीटर पुढे आर्क दे बेरा, व्हिया आउगुस्ता या रोमन हमरस्त्यावरची कमान, लुसियस लिसिनियस सुरा या रोमन माणसाच्या मृत्युपत्रानुसार बांधलेली. आजचा रस्ता तिच्या दोन्ही बाजूंनी जातो, कमान मधल्या बेटावर. गाडी आधीच बाजूला लावा, सिग्नलशिवाय रस्ता ओलांडू नका, आणि फोटो सकाळी काढा. दुपारनंतर किनाऱ्यावरून परतणाऱ्या गाड्यांची रांग कमानीच्या दोन्ही अंगांना लागते आणि मोकळी चौकट मिळत नाही.